पाणी तुंबलं की दर वेळी मोटरच जळत नाही

२०२० च्या टाळेबंदीत धुणीभांडी करणाऱ्या मावशींचं येणं थांबलं आणि ‘आपल्या खरकट्यापुढे हे काय टिकणार’ म्हणून वर्षानुवर्षं नाकारलेला डिशवॉशर देशभरातल्या अनेक मध्यमवर्गीय घरांत शिरला. नागपूरही त्याला अपवाद नव्हतं. सोबत आलेली माहितीपुस्तिका ड्रॉवरमध्ये गेली. ज्ञान मिळालं ते शेजारून. म्हणून मशीनच्या तळाशी पाणी दिसलं की आजही निदान एकच होतं: मोटर गेली.

मुळात तळाशी दिसणारं सगळंच पाणी बिघाडाचं नसतं. जाळीखालच्या खळग्यात थोडं पाणी मुद्दाम राहू दिलेलं असतं, त्यामुळे रबरी सील सुकत नाहीत. जाळीच्या वर येऊन पाणी तळभर पसरलं, तरच काळजी करायची. त्यातही मे-जूनच्या वादळात मधेच वीज गेली असेल तर मशीन फक्त अर्ध्यावर थांबलेलं असतं. वीज आल्यावर बहुतेक मशीन उरलेलं काम आपणहून पुढे नेतात.

आता मोटरीबद्दल. घाण पाणी जाळीतून खळग्यात, तिथून उपसणाऱ्या छोट्या पंपात, मग पाइपातून सिंकखालच्या ट्रॅपमध्ये जातं. या वाटेत पंप जळणं हे सर्वांत शेवटचं कारण. जाळीवर भाताची शितं, कढीपत्ता आणि कोथिंबिरीच्या काड्यांचा थर बसलेला असणं हे पहिलं. म्हणून प्लग काढा, खालचा ट्रे बाजूला करा, पाणी मगाने आणि फडक्याने उपसा, जाळी फिरवून काढा आणि नळाखाली जुन्या ब्रशने घासा. खळग्यात हात घालण्याआधी हातमोजे घाला. फुटलेल्या ग्लासची काच तिथेच जाऊन बसते. बऱ्याच मॉडेलांत पंपावरचं झाकण निघतं. त्याखालच्या पात्यात लिंबाची बी, टूथपिक किंवा मटणाच्या हाडाची कपची अडकलेली सापडते. पातं बोटाने फिरवताना झटके देत फिरलं तर घाबरू नका, आत चुंबक असल्यामुळे ते तसंच फिरतं.

जाळी स्वच्छ आहे आणि तरी पाणी जात नाही? मग बादली घ्या. पाइपाचं टोक सिंकच्या ट्रॅपवरून काढून बादलीत सोडा आणि मशीनला पाणी काढायला लावा. बहुतेक मॉडेलांत सुरू करण्याचं बटण काही सेकंद दाबून धरलं की चालू काम रद्द होऊन पाणी बाहेर पडतं. बादलीत पाणी धो धो आलं तर मशीन ठणठणीत आहे, चोंदलाय तो तुमचा सिंकचा पाइप. कंपनीच्या माणसाला बोलावून तपासणीचे पैसे देण्यापेक्षा प्लंबरला हाक मारा. बादली कोरडी राहिली आणि पंप नुसता गुणगुणतोय, तर पाइपात किंवा पात्यात काहीतरी अडकलंय. आवाजच नसेल तेव्हा मात्र मोटरीवर किंवा तिच्या वायरिंगवर संशय घ्यायला हरकत नाही. नवीन जोडणी असेल तर आणखी एक गंमत: काही ट्रॅपच्या फाट्याचं तोंड कारखान्यातून बंदच येतं आणि ते कापायचं बसवणारा विसरतो.

‘पाइप जितका खाली, तितकं पाणी लवकर जाईल’ हा खास आपल्याकडचा समज, कारण आपल्याकडे मोरी असते. पाइप थेट जमिनीवरच्या जाळीत सोडला की सायफन होऊन मशीन भरता भरताच रिकामं होऊ शकतं. शिवाय नाली तुंबली की तिचं पाणी उलटं येण्याची भीती. म्हणून पाइप एकदा वर उचलून मगच खाली आणायचा असतो. किती वर, ते पुस्तिकेत दिलेलं असतं, साधारण ४० सेंटिमीटरपेक्षा जास्त.

भांडी आधी विसळून ठेवायची गरज नाही, ते पाणी वाया जातं. पण खरकटं आणि तेल मात्र पुसून काढायलाच हवं. सावजी रश्श्याचा गंज तर्रीसकट आत ठेवणं हा अन्याय आहे. मटणाची चरबी, तूप, वनस्पती गरम पाण्यात वितळतात आणि पुढे थंड पाइपात गोठतात. डिसेंबर-जानेवारीत इथलं किमान तापमान १० अंशांखाली उतरतं, तेव्हा तर हमखास. सावजीतलं जवसाचं तेल गोठत नाही, पण हवा लागून चिवट होतं आणि पाइपाला धरून बसतं.

मीठ घातलं की पाणी निघतं, हाही गैरसमज. डिशवॉशरचं मीठ पाणी मऊ करणाऱ्या भागासाठी असतं, तुंबण्याशी त्याचा संबंध नाही. मनपाच्या पेंच-कन्हानच्या पाण्यापेक्षा बोअरच्या जड पाण्यावर चालणाऱ्या घरांनी ते विसरू नये, इतकंच. भांडी घासायचं साधं लिक्विड मात्र अजिबात नको. फेसाने मशीन भरतं आणि पंपाला पाणी ओढता येत नाही.

सिंक मोकळं करायची कॉस्टिकची पावडर किंवा अ‍ॅसिड मशीनमध्ये ओतणं हा मूर्खपणा आहे. सील खराब होतात, वर कुणी हात घातला तर भाजतो.

एवढं करूनही पाणी राहिलं तर तक्रार नोंदवताना पडद्यावरचा कोड सांगा. बॉशच्या मशीनवर ई २४ बहुधा पाइपाकडे आणि ई २५ पंपाकडे बोट दाखवतो, एलजीवर ओई म्हणजे पाणी निघत नाही. आणि पंप बदलायचं ठरलंच, तर बादलीची परीक्षा तंत्रज्ञाला आधी तुमच्यासमोर करायला सांगा आणि जुना पंप मागून घ्या.