म्हण आणि अभिवचन

'शितावरून भाताची परीक्षा' ही म्हण आपण मानतो आणि 'दिसते तसे नसते, म्हणून जग फसते' हीही मानतो. दोहोंत विरोध आहे म्हणून एकही टाकून देत नाही. कोणती कुठे लावायची हे वडीलधाऱ्यांत वावरून कळते. बायबलातील ज्ञानग्रंथ, मुख्यतः ईयोब, नीतिसूत्रे आणि उपदेशक, ख्रिस्ती वाचकाने असेच वाचायला हवेत. नीतिसूत्रांच्या 26व्या अध्यायात मूर्खाला उत्तर देऊ नये असे एक सूत्र सांगते. लगेच पुढचे सांगते, द्यावे. समोर कोण आहे ते तुम्हीच ओळखायचे.

घोटाळा होतो तो सूत्राला अभिवचन समजल्याने. लहानपणी लावलेले वळण म्हातारपणीही सुटत नाही, या आशयाचे सूत्र 22व्या अध्यायात आहे. बहुधा ते खरेच ठरते. पण कोणाचा मुलगा वाया गेला की तेच आईबापांच्या अंगावर फेकले जाते. आम्ही जैन अशा विधानाला 'स्यात्' लावतो : एका अपेक्षेने खरे.

ईयोब तर नेमका याच दुखण्यावरचा ग्रंथ. अध्याय 42. ईयोब निर्दोष आहे हे वाचकाला पहिल्याच अध्यायात कळते, मित्रांना कळत नाही. अलीफज, बिल्दद आणि सोफर सात दिवस त्याच्याजवळ मुकाट बसतात. तोवर ते उत्तम मित्र असतात. मग तोंड उघडतात : दुःख आहे त्याअर्थी पाप असणारच. भाषणे सुंदर, भिंतीवर लावण्याजोगी. पण शेवटच्या अध्यायात देव त्यांच्यावरच रागावतो. म्हणून ओळ उचलण्याआधी ती कोणाच्या तोंडची आहे ते पाहा. आमच्याकडेही कॅन्सरच्या रोग्याला पूर्वकर्म ऐकवणारे भेटायला येतातच.

उपदेशकातल्या 'व्यर्थ' या शब्दामागचा हिब्रू शब्द श्वास किंवा वाफ अशा अर्थाचा आहे. वाफ खोटी नसते, मुठीत मात्र येत नाही. मग त्याच ग्रंथातले 'खा, प्या, कामात सुख माना' विसंगत वाटत नाही.

पंडिता रमाबाईंनी (1858–1922) हिब्रू-ग्रीक शिकून केडगावी बायबल सोप्या मराठीत आणले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, 1924 मध्ये निघाले. दुष्काळात आईवडील, मग भाऊ, 1882 मध्ये पती, 1921 मध्ये एकुलती मुलगी मनोरमा, एवढे त्यांनी गमावले होते. कुठे ते भाषांतर हाती लागले तर त्यातला ईयोब वाचा, सुटी ओळ न उचलता, पहिल्या अध्यायापासून सलग.