टंचाईचं वेळापत्रक, कॉलेजचं वेळापत्रक

शहापूर तालुक्यात डोळखांब किंवा कसाऱ्याकडच्या एखाद्या पाड्यावर मे महिन्यात विहीर मोजायची, तर फार सामान लागत नाही. दोरीला दगड बांधून तळ गाठायचा, दोरी किती भिजली ते पाहायचं, विहिरीची आणि पाड्याची उंची जीपीएसवर नोंदवायची. अवघड प्रश्न त्यानंतर सुरू होतात. उपसल्यावर पुन्हा हंडाभर पाणी पाझरायला किती वेळ लागतो? रात्री कोण पाणी भरतं? नळयोजनेची टाकी समोर उभी आहे, मग ती कोरडी का? यातली काही उत्तरं विहिरीवरच्या बायकांकडे असतात, काही ग्रामसेवकाच्या दप्तरात, तर काही पंपाच्या थकलेल्या वीजबिलात.

हिशोब साधा आहे. दरडोई रोज चाळीस लिटर हे ग्रामीण नळयोजनांचं जुनं प्रमाण. पाच माणसांच्या घराला त्याप्रमाणे दोनशे लिटर लागतात. हंड्यात साधारण पंधरा लिटर पाणी मावतं, म्हणजे तेरा-चौदा खेपा. 2019 साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने हे प्रमाण पंचावन्न लिटरवर नेलं. नळ आला नाही, तर त्याच घराच्या खेपा अठराच्या पुढे जातात. विहीर टेकडीखाली आणि पाडा वर असेल, तर यातली प्रत्येक खेप चढाची.

हा भाग काही कमी पावसाचा नाही. इथे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पण खाली बेसॉल्टचा कठीण खडक आणि वर पातळ माती, त्यामुळे पाणी मुरण्याआधीच ओढ्यानाल्यांतून निघून जातं. जे अडतं ते मोठ्या धरणांत अडतं. 1892 साली पूर्ण झालेलं तानसा आणि मुंबईच्या पाण्याचा जवळपास निम्मा भार वाहणारं भातसा, ही दोन्ही धरणं शहापूर तालुक्यात आहेत. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ हे इथल्या सभांमध्ये वारंवार ऐकू येतं, आणि त्यात अतिशयोक्ती नाही.

याच पाण्यावर जगणाऱ्या मुंबईतल्या एका संस्थेने या तालुक्याकडे अभ्यासाचा विषय म्हणून पाहिलं. आयआयटी मुंबईत 1985 साली ‘सितारा’ हे केंद्र सुरू झालं. ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञान हा त्याचा विषय. 2007 पासून तिथे तंत्रज्ञान आणि विकास या विषयात एम.टेक. करता येतं, आणि उन्हाळ्यातले काही आठवडे गावात राहून काम करणं हा त्या अभ्यासक्रमाचा भाग आहे. उन्हाळा हा शब्द इथे महत्त्वाचा. जुलैत हिरव्यागार शहापूरला आलेल्या विद्यार्थ्याला टंचाई दिसणारच नाही.

केंद्राच्या कामात पुढे असलेले मिलिंद सोहोनी आणि ओम दमानी हे दोघेही मूळचे संगणकशास्त्राचे प्राध्यापक. त्याचा उपयोग कसा झाला, हे खर्डी परिसराच्या बहुग्राम नळयोजनेच्या अभ्यासात दिसतं. अशा योजनेत एका उद्भवातून अनेक गावांना पाणी जातं. मोठ्या व्यासाची जलवाहिनी घेतली तर खर्च वाढतो. लहान घेतली तर घर्षणात दाब संपतो आणि शेवटच्या पाड्याला फक्त नळ मिळतो, पाणी मिळत नाही. प्रत्येक टप्प्यावर कोणता व्यास घ्यायचा, याच्या शक्यता इतक्या असतात की हाताने हिशोब करणारा अभियंता अनुभवाच्या अंदाजावरच थांबतो. निखिल हूडा आणि दमानी यांनी यासाठी ‘जलतंत्र’ ही संगणकप्रणाली घडवली. गावांच्या उंची, लोकसंख्येनुसार मागणी, बाजारात मिळणारे व्यास आणि त्यांचे दर भरले, की सर्वांना पुरेसा दाब देणारी सर्वांत स्वस्त रचना ती काढून देते. इंटरनेटवर ती सर्वांना वापरता येते. पाड्याची उंची चुकीची भरली, तर मात्र उत्तरही चुकतं. म्हणून पाड्यावर जीपीएस घेऊन चालणारा विद्यार्थी आणि संगणकावरचं गणित यांना वेगळं करता येत नाही.

संशोधन आणि गाव यांना जोडणारं जाळं शेतीत आपल्याकडे आधीपासून आहे. दापोलीचं कृषी विद्यापीठ, त्याचं कर्जतचं भात संशोधन केंद्र, तालुका कृषी कार्यालय आणि शेतकरी अशा साखळीतून ‘कर्जत-3’सारखं वाण भातखाचरापर्यंत पोहोचलं. अमेरिकेत 1862च्या कायद्याने उभी राहिलेली जमीन-अनुदान विद्यापीठं याच विचाराची. पाणी, रस्ते, एसटी, चूल यांसाठी मात्र अशी साखळी नव्हती. महाराष्ट्र सरकारने 2016 साली उन्नत महाराष्ट्र अभियान सुरू केलं, ते ही उणीव भरून काढण्यासाठी. जिल्ह्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांनी जिल्ह्याचेच प्रश्न अभ्यासायचे आणि प्रशासनाने ते अभ्यास वापरायचे, अशी त्याची कल्पना.

ही कल्पना योग्यच आहे, कारण पवईची आयआयटी प्रत्येक पाड्यावर दरवर्षी जाऊ शकत नाही. आसनगावचं इंजिनिअरिंग कॉलेज जाऊ शकतं, शेजारच्या मुरबाड तालुक्यातलं आयटीआय जाऊ शकतं. मुरबाडला रेल्वे नाही. टोकावडे किंवा धसईकडचा विद्यार्थी एसटीच्या वेळेवर शिकतो, आणि आगाराच्या फेऱ्या व शाळा सुटण्याची वेळ जुळते का, हा त्याच्यासाठी उत्तम प्रकल्प ठरेल. त्याची माहिती त्याला घरीच मिळते. समारंभात सही झालेला सामंजस्य करार आणि एक दिवसाचं शिबिर यांतून जाळं विणलं जात नाही. त्याच पाड्यावर पुढच्या वर्षी पुढची तुकडी आली आणि मागच्या तुकडीची वही तिच्या हातात असली, तरच ते टिकतं.

खरी अडचण वेळापत्रकाची आहे. पाणीटंचाईचा कृती आराखडा ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून अशा तीन टप्प्यांत होतो. कोणत्या विहिरीतला गाळ काढायचा, कोणती अधिग्रहित करायची, कुठे विंधन विहीर घ्यायची, टँकर कुठे लागेल, हे त्यात ठरतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प मात्र साधारण जुलैत सुरू होऊन एप्रिलच्या सुमारास संपतो. पाणी तळाला जातं तेव्हा विद्यार्थी परीक्षेत असतो, आणि परीक्षा झाली की त्याचा पाड्याशी संबंध संपतो. अहवाल कॉलेजच्या कपाटात राहतो.

यावर उपाय आहे आणि त्याला मोठा निधी लागत नाही. विद्यापीठाने हा प्रकल्प तिसऱ्या वर्षाच्या जानेवारीत सुरू होऊ द्यावा, उन्हाळ्यातल्या मोजणीला गुण द्यावेत, आणि अहवाल तपासणाऱ्यांमध्ये पंचायत समितीच्या पाणीपुरवठा उपअभियंत्यालाही बसवावं. मार्च आणि मेच्या नोंदी भूजल यंत्रणेच्या नोंदींशेजारी ठेवून सप्टेंबरपर्यंत तहसीलदार आणि गटविकास अधिकाऱ्यांकडे पोहोचल्या, तर ऑक्टोबरच्या आराखड्यात त्या पाड्याचं नाव पुराव्यानिशी घेता येईल.