मिस्सेतला नमस्कार, काकूचा डबा आणि निखाऱ्यांवरची मासळी

रत्नागिरीतून बोलतोय. मागे पत्र्यावर पावसाचा आवाज येतोय, तेवढं आज सांभाळून घ्या.

मागच्या एपिसोडनंतर एका मुलीचा व्हॉइस मेसेज आला. ती म्हणाली, "देव प्रेम करतो असं सगळे सांगतात. पण मला मिस्सेत काहीच जाणवत नाही. नुसतं उठा, बसा, गुडघे टेका." मला तिचा प्रश्न आवडला, कारण त्यात खोटेपणा नाही. आणि खरं सांगू? ही उठबस आपल्याला काही जाणवावं म्हणून ठेवलेलीच नाही. मन तयार नसतं तेव्हाही हात तयार असू शकतात, एवढी सोय तिच्यात आहे.

क्रूसाची खूण घ्या. कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा. चर्चच्या दाराशी बोटं पाण्यात बुडवून ती करतो, ती बाप्तिस्म्याची आठवण म्हणून. पेपरला निघताना आई अंगठ्याने कपाळावर छोटा क्रूस काढते ना, तीच ही खूण. त्या वेळी तिच्या डोक्यात फार मोठं ईश्वरज्ञान वगैरे नसतं. पोरगं नीट जाऊन नीट परत यावं, एवढंच असतं.

आता शांतीची खूण. युरोपात हस्तांदोलन करतात, जुन्या काळी चुंबन होतं. आपल्याकडे नमस्कार करतात, आणि त्यामागे एक तारीख आहे. २५ एप्रिल १९६९ रोजी रोमने भारतीय बिशपांच्या बारा सूचना मान्य केल्या. जमिनीवर बसणं, चपला काढणं, आरती आणि शांतीसाठी हात जोडणं हे त्यांतलंच. पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती या खुणेची जागा. ती येते ख्रिस्तप्रसाद घेण्याच्या आधी. मत्तयच्या शुभवर्तमानात येशू सांगतो की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही असेल, तर अर्पण वेदीपाशी तसंच ठेव, आधी जाऊन समेट कर. म्हणजे ताटावर बसण्याआधी बाजूच्याकडे बघायचं.

आमच्या घरात याचा अर्थ चांगलाच कळला. बाबा आणि काका नारळाच्या बागेच्या हद्दीवरून दोन वर्षं बोलत नव्हते. इथे कॅथलिक घरं मोजकी, चर्च एकच, त्यामुळे चुकवणार कुठे? काका मागच्या बाकावर, बाबा पुढे. दर रविवारी शांतीची वेळ आली की बाबा डावीकडे वळायचे, उजवीकडे वळायचे, मागे मात्र नाही. उपवासकाळातल्या एका रविवारी ते मागे वळले आणि हात जोडले. काकांनीही जोडले. शब्द एकही नाही. मी बाजूलाच होतो, माझ्या पोटात गोळा आला होता.

संध्याकाळी काकूने चुलतभावाबरोबर डबा पाठवला. तिसऱ्यांचं सुकं. आईने तो धुतला आणि दोन दिवसांनी नारळाच्या वड्या भरून परत केला, कारण डबा रिकामा परत द्यायचा नसतो. हे तुमच्याही घरी असेलच. हद्दीचं भांडण अजून आहे बरं का, मोजणी व्हायची आहे. पण डबा तेव्हापासून फिरतोय.

असाच एक डबा चर्चच्या इतिहासातही आहे. इ. स. ४१६ मध्ये पोप पहिले इनोसंट यांनी एका पत्रात लिहिलंय की रविवारी पोपच्या मिस्सेतल्या भाकरीचा तुकडा रोम शहरातल्या इतर चर्चना पाठवतात, आपण वेगळे नाही हे त्यांना कळावं म्हणून. आजही फादर भाकर मोडून एक छोटा तुकडा प्याल्यात टाकतात. पुढच्या वेळी मोबाईल खिशात ठेवून बघा, पटकन होतं ते.

आणि माझा सगळ्यात आवडता प्रसंग योहानाच्या शेवटच्या अध्यायात आहे. मिरकरवाड्याला पहाटे उभं राहिलेल्याला तो लगेच कळेल. रात्रभर जाळं टाकून हाती काही नाही. किनाऱ्यावरून कुणीतरी सांगतं, उजवीकडे टाका. मासे येतात, मोजून १५३. किनाऱ्याला लागतात तर निखारे पेटलेले, त्यावर मासळी आणि भाकर, आणि येशू म्हणतो, या, न्याहारी करा.

निखाऱ्यांचा तो मूळ ग्रीक शब्द अख्ख्या नव्या करारात दोनदाच येतो. दुसरी जागा म्हणजे ज्या निखाऱ्यांपाशी शेकत उभं राहून पेत्राने 'मी याला ओळखत नाही' म्हटलं होतं ती. पेत्राला तो वास आठवला नसेल असं मला वाटत नाही. येशू त्याला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रेम करतोस का? पण कधी विचारतो ते बघा. खाणं झाल्यावर. आधी पोटभर मासळी, मग प्रश्न.

तर मेसेज पाठवणारे, तुला या रविवारी काही जाणवलं नाही तरी शांतीच्या वेळी मागच्या बाकाकडे एकदा वळून बघ, आणि तिथे कोण होतं ते मला कळव. पुढच्या एपिसोडमध्ये नव्या भाताच्या कणसांबद्दल बोलू. येतो!