कोटी मोजले, माणसे मोजायची राहिली

यंदाच्या दसऱ्याच्या सुट्टीत आमच्या बेंगळूरुच्या घरी तीन तरुण मुक्कामाला होते. भाचा एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो, पुतणी वास्तुकलेच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिसरा तिचा वर्गमित्र, रायचूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावचा. रात्रीच्या जेवणानंतर तिघांत वाद पेटला. हात वाळून गेले तरी कुणी पानावरून उठेना. वादाचा विषय राजकारण नव्हता आणि क्रिकेटही नव्हते. आकाशात उडणारे महानायक आणि अंतराळात जाणारी याने यांचे चित्रपट भारतीय प्रेक्षकाला आता नकोसे झाले आहेत का, हा तो प्रश्न होता.

भाच्याचे मत ठाम होते. २०१९ च्या एप्रिलमध्ये आलेला ‘अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम’ हा या प्रकाराचा कळस होता, त्यानंतर उतार सुरू झाला. पुरावा म्हणून त्याने २०२३ च्या ‘द मार्व्हल्स’चे नाव घेतले. मार्व्हलच्या त्या संपूर्ण मालिकेत सर्वांत कमी कमाई याच चित्रपटाची झाली. ‘‘एक चित्रपट समजून घ्यायला आधी तीन वेबमालिका पाहाव्या लागत असतील, तर तो गृहपाठ झाला,’’ असे तो म्हणाला. पुतणीला हे मान्य नव्हते. लोक एका कंपनीच्या साच्याला कंटाळले आहेत, महानायकांना नव्हे, असे तिचे म्हणणे. केरळच्या लोककथेतील कळ्ळियंकाट्ट नीली या यक्षिणीला आजच्या बेंगळूरुत आणणारा ‘लोका’ हा मल्याळम चित्रपट ऑगस्टअखेरीस प्रदर्शित झाला आणि बघता बघता त्या भाषेतील सर्वाधिक कमाईचा चित्रपट ठरला. मग वीट आला कुणाला?

मी या चित्रपटांचा चाहता नाही. शाळकरी वयात मूठभर कॉमिक्स वाचली, तेवढाच माझा अधिकार. परंतु सार्वजनिक धोरणांवर लिहिणारा माणूस म्हणून त्या वादातील एका गोष्टीने माझे लक्ष वेधले. पुढारी मंडळी ‘जनता’ हा शब्द ज्या सहजतेने वापरतात, त्याच सहजतेने ही दोघे ‘प्रेक्षक’ हा शब्द वापरत होती. प्रेक्षकाला हे हवे, प्रेक्षकाला ते नको. हा प्रेक्षक नेमका कोण आणि त्याला विचारले कुणी, हा प्रश्न मात्र दोघांपैकी एकालाही पडला नव्हता.

भाषेचा उंबरठा

महानायकांची भारतीयांना ओळख मार्व्हलने करून दिली, हा समज खरा नाही. अदृश्य होणारा ‘मिस्टर इंडिया’ १९८७ सालचा. १९९१ मध्ये ‘आदित्य ३६९’ या तेलुगू चित्रपटाने प्रेक्षकांना कालयंत्रात बसवून कृष्णदेवरायाच्या दरबारात नेले. १९९७ मध्ये ‘शक्तिमान’ दूरदर्शनवर अवतरला, तेव्हा ज्या घरी दूरचित्रवाणी संच होता त्या घरी तो फुकट येत असे आणि ज्या घरी संच नव्हता तेथील मुले शेजाऱ्यांच्या दारात गोळा होत. या देशातील महानायकांपैकी सर्वांत लोकशाहीवादी बहुधा तोच. त्याला पाहण्यासाठी तिकीट लागत नव्हते.

हॉलिवूडचे चित्रपट मात्र दीर्घकाळ इंग्रजी जाणणाऱ्या शहरी वर्गापुरते राहिले. १९९४ मध्ये ‘जुरासिक पार्क’ हिंदीत बोलू लागला आणि हे कुंपण प्रथमच मोडले. डायनासोरला घाबरण्यासाठी इंग्रजी यावे लागत नाही, हे वितरकांना उमगले. पुढे पाव शतकाने आलेला ‘एंडगेम’ इंग्रजीसह हिंदी, तमिळ आणि तेलुगूत प्रदर्शित झाला. ए. आर. रहमान यांनी त्याच्या भारतीय प्रचारासाठी खास गीत रचले. भारतातील त्याची निव्वळ कमाई साडेतीनशे कोटींच्या पुढे गेली. २०२२ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या ‘अवतार’च्या दुसऱ्या भागाने तो आकडाही मागे टाकला, तो मात्र कन्नड आणि मल्याळममध्येही उपलब्ध होता.

‘एंडगेम’ कन्नडमध्ये आला नाही, याला इतिहास आहे. परभाषेतील चित्रपटांचे कन्नड भाषांतर पडद्यावर येऊ नये, असा दंडक कर्नाटकात अनेक दशके पाळला गेला. त्यामागे कोणताही कायदा नव्हता. चित्रपटसृष्टीतील संघटनांचा धाक होता. त्यामागील भूमिका सरसकट त्याज्य होती, असे मी म्हणणार नाही. हिंदी, तमिळ आणि तेलुगू अशा तीन बलाढ्य शेजाऱ्यांमध्ये सापडलेल्या भाषेला आपले कलावंत आणि तंत्रज्ञ जगवायचे होते. परंतु त्याची किंमत ज्याला केवळ कन्नड येत होते, त्या प्रेक्षकाने मोजली. २०१५ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने ही अघोषित बंदी स्पर्धाविरोधी ठरवली. तरीही जुनी सवय सुटायला वेळ लागला.

मराठी वाचकांनाही हा अनुभव परका नसावा. हॉलिवूडच्या हिशेबात मराठी माणूस हिंदीत मोडतो. २०२३ मध्ये ‘स्पायडर-मॅन : अ‍ॅक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ भारतात इंग्रजीसह दहा भाषांत आला आणि त्यांत मराठी, गुजराती, बंगाली व पंजाबीही होत्या. तो अपवाद होता, म्हणूनच बातमीचा विषय झाला. ज्या भाषेत चित्रपट येतच नाही, त्या भाषेच्या प्रेक्षकाला तो आवडला की नाही, हे कोणत्या आकड्यावरून ठरवायचे?

खुर्चीची किंमत

हा वाद आमच्या घरात रंगण्याआधीच्याच महिन्यात आमच्या शहरात आणखी दोन घडामोडी झाल्या. १२ सप्टेंबरला कर्नाटक सरकारने राज्यातील चित्रपट तिकिटांचा दर, कर वगळून, कमाल २०० रुपये ठरवणारे नियम अधिसूचित केले. २२ सप्टेंबरपासून वस्तू व सेवा कराचे नवे दर देशभर लागू झाले. दुसऱ्याच दिवशी, २३ तारखेला, मल्टिप्लेक्सचालकांच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने दरमर्यादेला अंतरिम स्थगिती दिली. नव्या करदरानुसार १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्यावरील तिकिटांवर पूर्वीप्रमाणे १८ टक्के कायम राहिला. वाचायला ही सवलत चांगली वाटते. परंतु १०० रुपयांची ही रेषा २०१७ पासून जागची हललेली नाही. महानगरातील मल्टिप्लेक्समध्ये त्या रेषेखालचे तिकीट शोधून पाहावे, म्हणजे सवलत कुणापर्यंत पोहोचली ते कळेल.

दरावर मर्यादा घालणे हा रामबाण उपाय आहे, असे मला वाटत नाही. आंध्र प्रदेश सरकारने २०२१ मध्ये दर इतके खाली आणले की, काही मालकांनी चित्रपटगृहांना टाळे लावणे पसंत केले. मार्च २०२२ मध्ये सरकारला ते दर सुधारावे लागले. दुसरीकडे तमिळनाडूत दरमर्यादा वर्षानुवर्षे आहे, आणि तेथील चित्रपटगृहांची संस्कृती लयाला गेली, असे कुणी म्हणणार नाही. प्रश्न मर्यादा असावी की नसावी एवढाच नाही, तर ती कुणासाठी शिथिल होते, हाही आहे. २०२४ च्या जूनमध्ये ‘कल्की २८९८ एडी’ आला. अश्वत्थाम्याला दूरच्या भविष्यकाळातील काशीत उभा करणारा हा विज्ञानपट जगभरात हजार कोटींच्या पुढे गेला. आंध्र आणि तेलंगण या दोन्ही राज्यांच्या सरकारांनी त्यासाठी सुरुवातीच्या दिवसांत वाढीव दराची खास परवानगी दिली होती. म्हणजे, ज्या चित्रपटाची गरिबाच्या मुलाला सर्वाधिक ओढ असते, नेमक्या त्याच चित्रपटासाठी, आणि ज्या दिवसांत त्याची चर्चा सर्वाधिक असते नेमक्या त्याच दिवसांत, सरकार आपली मर्यादा उचलून बाजूला ठेवते.

येथे आपण एका विचित्र मोजमापापाशी येऊन पोहोचतो. फ्रान्स आणि दक्षिण कोरियात चित्रपटाचे यश किती माणसांनी तिकीट काढले यावर सांगितले जाते. आपल्याकडे ते किती कोटी जमले यावर सांगितले जाते. ६०० रुपयांच्या आरामखुर्चीत रेललेला एक प्रेक्षक १०० रुपयांच्या बाकावरील सहा प्रेक्षकांच्या तोलाचा ठरतो. दर वाढले की लोकप्रियताही वाढल्यासारखी दिसते. मग दर दोन वर्षांनी ‘सर्वकालिक विक्रम’ मोडला जातो, यात नवल ते काय? निवडणुकीत श्रीमंताच्या मताला सहापट वजन दिले, तर आपण त्याला लोकशाही म्हणणार नाही. चित्रपटांच्या बाबतीत मात्र त्याच मोजणीला आपण ‘प्रेक्षकांचा कौल’ म्हणतो आणि चाहते त्याच कौलावर रात्ररात्र भांडतात.

पडदा कुणाच्या वाट्याला?

मोजणीतील तिसरी त्रुटी अधिक मूलभूत आहे. १४० कोटींहून अधिक लोकसंख्येच्या भारतात चित्रपटगृहांचे पडदे दहा हजारांच्या आसपास आहेत. चीनमध्ये ते ८० हजारांहून अधिक आहेत. त्यातही आपल्याकडील पडद्यांचा मोठा हिस्सा दक्षिणेकडील राज्यांत आहे. तेलुगू सिनेमा एवढी भव्य स्वप्ने का पाहतो, याची कारणे सांस्कृतिक मानली जातात. एक साधे कारण असेही आहे की, त्याच्या गावात अजून चित्रपटगृह आहे.

पडदे अपुरे असले की रुची रुचीशी भांडू लागते. २०२४ च्या डिसेंबरमध्ये ‘इंटरस्टेलार’ दहा वर्षांनी पुन्हा प्रदर्शित होणार होता. परंतु देशातील मोजके आयमॅक्स पडदे तेव्हा ‘पुष्पा २’ने व्यापलेले होते. त्यावरून दोन्ही बाजूंच्या चाहत्यांत जुंपली. एका बाजूला अभिजनांची नाके मुरडणे, दुसऱ्या बाजूला सामान्यांच्या आवडीचा कैवार. अखेर २०२५ च्या फेब्रुवारीत ‘इंटरस्टेलार’ आला आणि चित्रपटगृहे भरली. दोघांचेही प्रेक्षक होते. एका वेळी दोघांना पुरेल एवढी जागा नव्हती. टंचाईच्या भांडणाला आपण अभिरुचीचे भांडण समजत होतो.

टंचाईचा पहिला फटका लहानांना बसतो. २०२४ च्या संक्रांतीला आलेल्या ‘हनु-मान’ या तेलुगू चित्रपटाला बड्या ताऱ्यांच्या चित्रपटांमुळे सुरुवातीला हैदराबादेत पुरेसे पडदेही मिळाले नव्हते. तोंडी प्रसिद्धीने ते पुढे वाढले. एका खेड्यातल्या उनाड मुलाची ती गोष्ट होती. २०२१ चा ‘मिन्नल मुरली’ तर चित्रपटगृहांत आलाच नाही. तो थेट नेटफ्लिक्सवर आला. वीज अंगावर पडल्याने एका गावातल्या शिंप्याला शक्ती मिळते आणि त्याच विजेने गावाने झिडकारलेल्या दुसऱ्यालाही मिळते, अशी त्याची कथा. माझ्या माहितीतील अनेक जाणकार त्याला भारतीय महानायकपटांत सर्वोत्तम मानतात. कमाईच्या तक्त्यात त्याचे नावही सापडत नाही.

मोठ्या पडद्याची उणीव मोबाइलने भरून काढली, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ते पुरेसे वाटत नाही. आपल्या देशात वेगवेगळ्या जातींची, धर्मांची आणि मिळकतीची माणसे काही तास शेजारी बसून एकाच क्षणी हसतील वा श्वास रोखतील, अशा जागा फार थोड्या उरल्या आहेत. जुन्या चित्रपटगृहातही बाल्कनी आणि पुढची रांग वेगळी होती, हे खरे. परंतु छत एक होते. ते छत गेले, तर नुकसान केवळ निर्मात्यांचे होणार नाही.

उपाय अशक्य कोटीतील नाहीत. तालुक्याच्या ठिकाणी शे-दीडशे आसनांचे लहान चित्रपटगृह काढू पाहणाऱ्याला परवान्यांसाठी डझनभर कार्यालयांचे उंबरठे झिजवावे लागू नयेत. करसवलतीची १०० रुपयांची रेषा महागाईनुसार सरकावी. राज्य सरकारांनी वाढीव दराची परवानगी देताना प्रत्येक खेळातील काही आसने मूळ दराने राखून ठेवण्याची अट घालावी. आणि सर्वांत सोपी, बिनखर्चाची गोष्ट म्हणजे, विकल्या गेलेल्या तिकिटांची संख्या दर आठवड्याला जाहीर व्हावी. ऑनलाइन आरक्षणाच्या काळात हा आकडा कुठे ना कुठे असतोच. तो फक्त आपल्यासमोर येत नाही.

त्या रात्री भाचा आणि पुतणी यांचा वाद अनिर्णित राहिला. रायचूरचा मुलगा बहुतेक वेळ गप्प होता. शेवटी मीच त्याला विचारले, ‘‘तुला कोणता आवडला?’’ तो संकोचून म्हणाला, ‘‘काका, मला सगळेच आवडले. पण आमच्या गावातले टॉकीज मी पाचवीत असताना बंद पडले. तिथे आता मंगल कार्यालय आहे. ‘एंडगेम’ मी मित्राच्या मोबाइलवर पाहिला, तेलुगूत. अर्धेअधिक कळत नव्हते, तरी शेवटी रडलो.’’

भाच्याने काहीतरी बोलायला तोंड उघडले आणि मिटले. त्याच्याजवळ सगळे आकडे होते. हा मुलगा त्यांतल्या एकाही आकड्यात नव्हता.