उन्हाच्या वेळापत्रकावर

पहाटे ५.३०
डिसेंबरात हरभऱ्याला पाणी चालू असतं, त्यामुळे फोन लवकर येतात. मी सौर कृषिपंपांची देखभाल करतो; वर्धा, सेलू आणि देवळी हे तालुके माझ्याकडे आहेत. आज पहिला फोन हिंगणीकडून. "भाऊ, काल दुपारपासून कंट्रोलरवर लाल लाइट आहे जी, मोटर उचलूनच नाही राहिली." पिशवीत मल्टिमीटर, कनेक्टर, पाने भरतो आणि निघतो.

सकाळी ८.००
हिंगणीचं हे शिवार बोर व्याघ्र प्रकल्पाला लागून आहे. २०१४ साली बोरला हा दर्जा मिळाला, पण वाघाची भीती त्याच्या कितीतरी आधीची. पंप बसण्यापूर्वी इथं शेतीची थ्री फेज वीज पाळीनं यायची, कधी दिवसा आठ तास तर कधी रात्री दहा तास. रात्रीच्या पाळीत या शेताचे मालक काका बॅटरी घेऊन दांडावर उभे राहायचे आणि काकू बांधावर डबा वाजवत राहायच्या, रानडुकरांसाठी आणि वाघासाठीही. सरकारी कागदांत ऊर्जा सुरक्षा मेगावॅटमध्ये मोजतात. या शिवारात ती वीज किती वाजता येते यावर ठरते, आणि माझ्या मते हेच माप खरं.

कंट्रोलर 'ड्राय रन' दाखवतोय. पंपात बिघाड नाही. विहिरीचं पाणी खाली गेलं, म्हणून त्यानं मोटर जळू नये यासाठी स्वतःच बंद केली. दोर बांधून पंप दहा फूट खाली सोडतो. साडेनऊला स्प्रिंकलर फिरायला लागतात. काकांना सांगतो, पाणी साचू द्या, दिवसभर उपसू नका. ऊन फुकट आहे म्हणून विहीर अखंड उपसली जाते, ही काळजी मला खरोखर वाटते. पंप वाटणाऱ्या योजनेनं पाण्याच्या पातळीकडेही तितक्याच गंभीरपणे पाहायला हवं.

सकाळी ११.००
घोराडजवळ तक्रार: पाण्याचा जोर कमी. पाच अश्वशक्तीच्या पंपाला पाच हजार वॅटच्या आसपास पॅनलं लागतात, आणि ती एकामागून एक जोडलेली असतात. एकावर सावली पडली की सगळ्या ओळीची वीज घटते. इथं बाभळीची एक फांदी दक्षिणेकडून आडवी येते, हिवाळ्यात सूर्य खाली असल्यानं सावली आणखी लांब. फांदी तोडली, धूळ पुसली, काम झालं.

दुपारी १.००
वर्ध्यात मगनवाडीजवळ डबा खातो. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं काम इथूनच चालायचं. संघाच्या जे. सी. कुमारप्पांनी १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इकॉनॉमी ऑफ परमनन्स'मध्ये कोळसा आणि पेट्रोलियम हे आटत जाणारे साठे आहेत आणि त्यांच्यासाठी देश एकमेकांशी लढतील असं मांडलं होतं. मगनवाडीत रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळणारा 'मगन दीप' तयार झाला तोही त्याच विचारातून.

कायद्यात हा विचार यायला वेळ लागला. २००३ च्या विद्युत कायद्यानं नियामक आयोगांवर अक्षय ऊर्जेला चालना देण्याची जबाबदारी टाकली. वितरण कंपन्यांनी ठरावीक हिस्सा अशा विजेचाच घ्यायचा, हे बंधन त्यातून आलं. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली. त्या कायद्याखाली हा हिस्सा २०२४-२५ साठी २९.९१ टक्के ठरला आणि २०२९-३० पर्यंत तो ४३.३३ टक्क्यांवर न्यायचा आहे.

दुपारी २.३०
देवळीकडे एका नव्या अर्जाची जागा पाहायची आहे. शेत तीन एकर. दादांना साडेसातचा पंप हवा. पंपयोजनेचा नियम सांगतो: अडीच एकरांपर्यंत तीन, पाच एकरांपर्यंत पाच, त्यापुढं साडेसात अश्वशक्ती. शेतकऱ्याचा हिस्सा दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी पाच. "पाच चालते, पण पाणी कवा लागन?" वहिनी विचारतात. दिवसाच लागेल, हे मी ठामपणे सांगू शकतो.

सायंकाळी ४.३०
पॅनलांवर तिरपं ऊन येतं, आणि पंप एकेक करून थांबतात. पावसाळ्यात तर कित्येक आठवडे ते उभेच राहतात आणि एवढी वीज वाया जाते. 'कुसुम' योजना २०१९ मध्ये आली, तेव्हा जाळ्याशी जोडलेल्या पंपाची उरलेली वीज विकायची सोय तिच्या एका भागात होती. आमच्या बहुतेक शेतांतले पंप मात्र जाळ्याबाहेरचे. त्यांच्या पॅनलांवर कडबाकुट्टी किंवा पिठाची गिरणीही चालवता येईल असे कंट्रोलर आहेत; ते प्रत्येक पंपासोबतच द्यायला हवेत, असं मी भेटेल त्या अधिकाऱ्याला सांगतो.

२०२३ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये वीज उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीची संपूर्ण वाहिनीच दिवसा चालवायची कल्पना आहे. जमिनीचं भाडं हेक्टरी सव्वा लाख रुपये वर्षाला, दरवर्षी तीन टक्के वाढ. ज्यांच्याकडे पडीक रान आहे त्यांना मी हे आवर्जून सांगतो. शेजारच्या जुन्या वीजजोडणीवाल्यालाही त्यातून दिवसा पाणी देता येईल, आणि तोही आजवर रात्रीच जागत आला आहे.

सायंकाळी ७.००
फोटो, मीटरचे आकडे, शेतकऱ्याची सही असं सगळं अपलोड करतो. उद्या सकाळी केळझरला दोन तक्रारी आहेत, पैकी एक चोरीला गेलेल्या केबलची. तिचा विमा आहे, पण आधी पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवायला हवी. म्हणून त्या शेतकऱ्याला आत्ताच फोन लावतो.