अनुकृती ते पुनर्रचना : कलाशिक्षणातील रीमिक्स संस्कृती व चाहतानिर्मित माध्यमे

गोषवारा

उपलब्ध कलाकृती, तिचा एखादा अंश किंवा तिची छापील प्रतिमा हाताशी घेऊन तिच्यातून नवा अर्थ निर्माण करण्याच्या प्रथेला 'रीमिक्स संस्कृती' असे संबोधले जाते. संगणक व आंतरजालाच्या प्रसारामुळे ही प्रथा विद्यार्थ्यांच्या नित्य परिचयाची झाली आहे. तथापि कलेच्या वर्गात तिच्याकडे बहुधा 'नक्कल' म्हणूनच पाहिले जाते. प्रस्तुत लेखात अजिंठ्याच्या प्रतिकृती आणि राजा रविवर्मा यांची छापील चित्रे ही दोन उदाहरणे घेऊन अनुकृती व पुनर्रचना यांतील भेद स्पष्ट केला आहे आणि त्या आधारे अध्यापन व मूल्यमापनाची एक व्यवहार्य पद्धती सुचविली आहे.

बीजसंज्ञा : रीमिक्स, अनुकृती, पुनर्रचना, चाहतानिर्मित माध्यमे, कलाशिक्षण, मूल्यमापन.

१. प्रस्तावना

'रीमिक्स' हा शब्द मराठी कानाला प्रथम परिचित झाला तो जुन्या हिंदी चित्रपटगीतांना वेगवान ठेका लावून बाजारात आलेल्या ध्वनिफितींमुळे. त्यामुळे या शब्दाभोवती उथळपणाची छटा चिकटून राहिली. कलाशिक्षकही तिच्यापासून मुक्त नाहीत. विद्यार्थ्याचे चित्र पाहून 'हे कोठून उतरवलेस?' असा प्रश्न विचारला जातो तेव्हा तो प्रश्न नसून बहुतेक वेळा निकाल असतो.

वस्तुतः कलाशिक्षणाची या बाबतीतील भूमिका एकसूत्री नाही. महाराष्ट्रातील शासकीय रेखाकला परीक्षांमध्ये, म्हणजे एलिमेंटरी व इंटरमिजिएटमध्ये, स्मरणचित्र हा एक विषय आहे. बाजार, पाणवठा, बसथांबा अशा प्रसंगांची तयार चित्रे सरावाने पाठ करून ती परीक्षेत उतरविणारा विद्यार्थी 'स्मरणा'चे गुण मिळवतो. याउलट, जुन्या दिनदर्शिकेवरील चित्र कापून, त्यात भर घालून उघडपणे नवी रचना करणाऱ्या विद्यार्थ्यावर नकलेचा ठपका येतो. ज्याने स्रोत झाकला तो स्वतंत्र ठरतो आणि ज्याने तो दाखविला तो दोषी, ही विसंगती केवळ गुणांपुरती मर्यादित नाही. प्रामाणिकपणाविषयी विद्यार्थी वर्गातून काय शिकून जातो, हा प्रश्न तिच्याशी निगडित आहे.

२. लेखाची उद्दिष्टे

अ) अनुकृती, रीमिक्स व चाहतानिर्मित माध्यमे या संकल्पना स्पष्ट करणे.
आ) भारतीय दृश्यपरंपरेतील उदाहरणांतून त्यांचे शैक्षणिक मूल्य तपासणे.
इ) वर्गातील उपयोजन, मूल्यमापन व कायदेशीर मर्यादा यांची मांडणी करणे.

३. संकल्पनांचे स्पष्टीकरण

अनुकृतीमध्ये मूळ कृतीशी जास्तीत जास्त जवळीक साधणे हे ध्येय असते. रीमिक्समध्ये मूळ कृती ओळखू येईल इतकी शिल्लक ठेवून तिच्यापासून अर्थपूर्ण अंतर निर्माण करावे लागते. मार्सेल द्युशाँ यांनी १९१९ मध्ये मोनालिसाच्या छापील पोस्टकार्डावर मिशी व दाढी रेखाटली. मूळ चित्र प्रेक्षकाला ठाऊक नसते तर त्या रेघांना काहीच अर्थ उरला नसता. मूळ कृतीचे स्मरण जागे ठेवणे ही रीमिक्सची पूर्वअट होय.

चाहतानिर्मित माध्यमे हा याच प्रवृत्तीचा एक विशेष प्रकार आहे. येथे निर्माता व्यावसायिक कलावंत नसून आस्वादक असतो. अमेरिकेत १९७५ मध्ये कँडी फाँग यांनी 'स्टार ट्रेक' या दूरचित्रवाणी मालिकेतील स्थिरदृश्यांच्या पारदर्शिका एका गीताबरोबर जोडून सादर केल्या. चाहत्यांनी तयार केलेल्या चित्रफितींच्या परंपरेचा आरंभ सामान्यतः येथून मानला जातो. हेन्री जेन्किन्स यांनी १९९२ मध्ये 'टेक्श्चुअल पोचर्स' या ग्रंथात अशा चाहत्यांना निष्क्रिय ग्राहक न मानता अर्थनिर्मितीत सहभागी होणारे वाचक मानले. लॉरेन्स लेसिग यांनी २००८ मधील 'रीमिक्स' या ग्रंथात केवळ वाचनाची संस्कृती आणि वाचन-लेखनाची संस्कृती असा भेद केला. कलाशिक्षणाच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे, कारण चित्र 'वाचणे' आणि चित्रातून 'लिहिणे' या दोन्ही क्रिया तेथे एकाच वेळी शिकवावयाच्या असतात.

४. अनुकृतीचे स्वतंत्र मूल्य : अजिंठ्याच्या प्रती

रीमिक्सचे समर्थन करताना अनुकृतीला हीन लेखण्याचे कारण नाही. मुंबईच्या सर ज. जी. कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली तेथील विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती तयार केल्या. पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखे पुढे नावारूपास आलेले चित्रकार त्या कामात सहभागी होते. त्यापूर्वी रॉबर्ट गिल यांनी केलेल्या प्रतींपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत नष्ट झाल्या होत्या. ग्रिफिथ्स यांच्या चमूने केलेल्या अनेक प्रतीही १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. ज्या उरल्या, त्या आज मूळ चित्रांच्या तत्कालीन स्थितीचा पुरावा म्हणून अभ्यासल्या जातात.

या कामात चित्रकाराने स्वतःची आवड बाजूला ठेवणे हाच गुण होता. पुसट झालेला चेहरा आपल्या कल्पनेने पूर्ण करणारा विद्यार्थी येथे अयशस्वी ठरला असता. म्हणजेच अनुकृतीची कसोटी निष्ठा ही आहे. अडचण उद्भवते ती हीच कसोटी रीमिक्सला लावली की, किंवा रीमिक्सचे स्वातंत्र्य अनुकृतीच्या वेळी घेतले की. दोन्ही कामे शिकविण्याजोगी आहेत. मात्र वर्गात आज यांपैकी कोणते काम चालू आहे, हे आरंभीच स्पष्ट असले पाहिजे.

५. रविवर्मा यांची छापील चित्रे : घरोघरी झालेली पुनर्रचना

राजा रविवर्मा (१८४८-१९०६) यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापाचे मुद्रणालय सुरू केले. पुढे ते लोणावळ्याजवळील मळवली येथे हलविण्यात आले. प्रत्येक रंगासाठी वेगळी शिळा वापरून छापलेली आणि वर वार्निश देऊन तैलचित्राचा भास निर्माण करणारी ही चित्रे सामान्य कुटुंबांच्या भिंतींपर्यंत पोहोचली. राजवाड्यांतून व श्रीमंतांच्या दिवाणखान्यांतून दिसणारी लक्ष्मी व सरस्वती देवघरात आली.

या इतिहासाचा पुढील भाग कलाशिक्षणात क्वचितच सांगितला जातो. ही चित्रे विकत घेतल्यानंतर अनेकांनी ती जशीच्या तशी ठेवली नाहीत. देवीच्या छापील साडीवर खरे कापड बेतून चिकटविले गेले. काठांवर जर आली, दागिन्यांच्या जागी मणी व टिकल्या बसल्या. अशी सजविलेली चित्रे आज संग्राहकांकडे जतन केलेली आढळतात. त्यांतील चेहरा व हात छापील राहतात, तर वस्त्रालंकार प्रत्यक्षात येतात. एकाच शिळेवरून निघालेल्या प्रती परस्परांहून वेगळ्या झाल्या, कारण प्रत्येकीवर सजविणाऱ्या हाताची निवड उमटली. चाहतानिर्मित माध्यम ही संज्ञा रूढ होण्यापूर्वीच त्याचा हा एक पूर्ण विकसित नमुना आपल्याकडे होता असे म्हणता येईल. फरक एवढाच की येथील चाहता हा भक्तही होता आणि बदल करणे ही त्याच्या दृष्टीने अवहेलना नव्हती, सेवा होती.

याच चित्रसंपदेचा प्रवास इतर दिशांनीही झाला. रविवर्मा मुद्रणालयाशी कामाच्या निमित्ताने संबंध आलेले दादासाहेब फाळके यांच्या पौराणिक चित्रपटांतील दृश्यरचनेवर या चित्रांची छाप अभ्यासकांनी नोंदविली आहे. पुढे बंगळूरुच्या कलावंत पुष्पमाला एन. यांनी छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्यासह २००० ते २००४ या काळात केलेल्या छायाचित्रमालिकेत रविवर्मा यांच्या काही चित्रांची पुनर्रचना केली. रंगविलेल्या पडद्यापुढे त्या स्वतः लक्ष्मीच्या रूपात उभ्या राहिल्या. पोशाख, मुद्रा, कमळ सारे ओळखीचे असूनही देवीच्या जागी एक प्रत्यक्ष स्त्री उभी आहे ही जाणीव प्रेक्षकाला अस्वस्थ करते. 'आदर्श भारतीय स्त्री'ची प्रतिमा कोणी घडविली, हा प्रश्न त्यातून पुढे येतो.

सजविलेले चित्र आणि ही छायाचित्रे यांचे हेतू भिन्न आहेत. पहिल्यात मूळ प्रतिमेविषयीची जवळीक वाढते, दुसऱ्यात तिच्याकडे तटस्थपणे पाहण्याची दृष्टी येते. तथापि दोन्हींमध्ये काय ठेवले व काय बदलले हे स्पष्ट दिसते. विद्यार्थ्यांसमोर ही दोन उदाहरणे शेजारी ठेवल्यास रीमिक्स म्हणजे केवळ थट्टा, हा समज दूर होण्यास मदत होते.

६. वर्गातील उपयोजन

या विवेचनाच्या आधारे चार टप्प्यांची कृती सुचविता येते. पहिला टप्पा निरीक्षणाचा. विद्यार्थ्याने निवडलेल्या चित्राची रचना, प्रकाशाची दिशा, रंगसंगती, आकृतींची नजर व पार्श्वभूमी यांची लेखी नोंद करावी. दुसऱ्या टप्प्यात चित्राच्या एखाद्या भागाची निष्ठापूर्वक अनुकृती करावी. हाताने उतरविल्याशिवाय चित्रातील अनेक निर्णय डोळ्यांना दिसत नाहीत. तिसऱ्या टप्प्यात केवळ एकच घटक बदलावा : पार्श्वभूमी, वस्त्र, काळ, माध्यम किंवा पाहणाऱ्याची जागा. एकाच बदलाचे बंधन महत्त्वाचे आहे. सर्वच बदलले की कोणत्या बदलाने कोणता अर्थ आला हे तपासता येत नाही. चौथ्या टप्प्यात स्रोताचा उल्लेख करून 'काय ठेवले, काय बदलले, का बदलले' या तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत.

यासाठी संगणक असलाच पाहिजे असे नाही. जुन्या दिनदर्शिका, लग्नपत्रिका, वर्तमानपत्रे, कापडाचे तुकडे व डिंक एवढ्या साहित्यावर ग्रामीण भागातील शाळेतही हा उपक्रम राबविता येतो. जेथे आंतरजालाची सोय आहे तेथे ॲमस्टरडॅमच्या राइक्स संग्रहालयासारख्या संस्थांचा लाभ घेता येईल. या संग्रहालयाने २०१२ मध्ये 'राइक्सस्टुडिओ' या उपक्रमाद्वारे सुमारे १,२५,००० कलाकृतींच्या उच्च प्रतीच्या प्रतिमा खुल्या केल्या आणि त्यांचा वापर करून नवनिर्मिती करण्यास लोकांना आवाहन केले.

७. मूल्यमापन

रीमिक्सचे मूल्यमापन पूर्ण झालेल्या चित्राच्या देखणेपणावर केल्यास उपक्रमाचा हेतू विफल होतो. २५ गुणांची विभागणी पुढीलप्रमाणे करता येईल : मूळ कृतीचे निरीक्षण ६, अनुकृतीतील अचूकता ५, बदलाची अर्थपूर्णता ८, लेखी समर्थन व स्रोतनिर्देश ६. या विभागणीत स्रोत सांगणाऱ्यास गुण मिळतात आणि तो लपविणाऱ्याचे गुण जातात.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने काही क्षणांत चित्रे तयार होऊ लागल्यापासून या निकषाची निकड वाढली आहे. दोन प्रतिमा एकत्र आणण्याचे काम आता यंत्रही करते. कच्च्या रेखाटनांसह सादर केलेली निरीक्षणाची वही आणि आपल्या निवडीविषयी वर्गासमोर तोंडी दिलेली उत्तरे यांतून मात्र विद्यार्थ्याचा स्वतःचा विचार पारखता येतो.

८. कायदा व औचित्य

कॉपीराइट अधिनियम १९५७ नुसार चित्रकृतीवरील हक्क कलावंताच्या निधनानंतर ६० वर्षांपर्यंत टिकतो. त्यामुळे रविवर्मा यांची चित्रे वापरण्यास कॉपीराइटची आडकाठी नाही. हयात वा अलीकडे दिवंगत झालेल्या कलावंतांच्या कृतींबाबत स्थिती वेगळी आहे. अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने वा विद्यार्थ्याने केलेल्या पुनरुत्पादनास सूट आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील छायाप्रतींसंबंधीच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये या सुटीचा उदार अर्थ लावला. परंतु वर्गातील काम समाजमाध्यमांवर प्रसृत केले किंवा विक्रीस ठेवले तर हीच सूट आपोआप लागू होईल असे गृहीत धरता येत नाही. शिवाय कलम ५७ अन्वये, प्रतिष्ठेस बाध येईल अशा विकृतीकरणास हरकत घेण्याचा अधिकार कलावंतास आहे.

कायद्याइतकाच औचित्याचा विचारही आवश्यक आहे. देवादिकांच्या किंवा वंदनीय व्यक्तींच्या प्रतिमा घेताना भावना दुखावण्याची शक्यता असते. अशा वेळी विषय टाळणे हा एकच मार्ग नाही. सजविलेल्या चित्रांचा इतिहास आधी सांगितल्यास बदल आणि आदर एकत्र नांदू शकतात हे विद्यार्थ्यांच्या लक्षात येते व त्यांची निवड अधिक जबाबदार होते.

९. निष्कर्ष

१) अनुकृती व रीमिक्स या परस्परविरोधी नसून भिन्न हेतूंच्या अध्ययनकृती आहेत. पहिलीची कसोटी निष्ठा, तर दुसरीची कसोटी सकारण अंतर ही होय.
२) रीमिक्स व चाहतानिर्मित माध्यमे ही केवळ पाश्चात्त्य किंवा संगणकयुगीन घटना नाही. रविवर्मा यांच्या सजविलेल्या छापील चित्रांतून तिचे देशी रूप दिसते.
३) एकाच घटकात बदल, लेखी समर्थन व स्रोतनिर्देश या तीन अटींमुळे रीमिक्स हा अल्प साहित्यात राबविता येणारा शिस्तबद्ध अभ्यास ठरू शकतो.
४) मूल्यमापनात स्रोत उघड करण्यास गुण दिल्यास कलेच्या वर्गात प्रामाणिकपणा व सर्जनशीलता यांचा मेळ घालणे शक्य होते.

'हे कोठून उतरवलेस?' हा प्रश्न कलाशिक्षकाने विचारलाच पाहिजे. त्याच्या पाठोपाठ 'आणि त्याचे तू काय केलेस?' हेही विचारले गेले, तर विद्यार्थी स्रोत लपविण्याऐवजी त्याविषयी बोलू लागेल.