बिनडिस्कचा कारभार

नॉयडाच्या सेक्टर ६२ मधील राष्ट्रीय मध्यम अवधी हवामान पूर्वानुमान केंद्रावर लिहावे असे संपादकांनी सुचविले, तेव्हा त्यांच्या मनात पावसाचे भाकीत असावे. माझे चित्त मात्र तेथील ‘मिहिर’ या महासंगणकात जी वस्तू नव्हती तिच्यातच गुंतून राहिले.

केंद्राची बखर थोडक्यात आटोपतो. स्थापना १९८८ची, पहिला क्रे एक्स-एमपी/१४ अमेरिकेच्या परवान्यासाठी झालेल्या दीर्घ घासाघिशीनंतर पदरात पडला, २०१८च्या जानेवारीत पुण्याच्या ‘प्रत्यूष’चा जोडीदार म्हणून २.८ पेटाफ्लॉप्सचा मिहिर रुजू झाला आणि २०२४त ‘अरुणिका’ आली.

मिहिर क्रे एक्ससी-४० जातीचा. या जातीच्या कपाटात सरकणाऱ्या एकेका ब्लेडवर चार नोड असतात. प्रत्येकात प्रोसेसर आणि मेमरीच्या पट्ट्या, चौघांत मिळून जाळ्याशी व्यवहार करणारी एक आरीज चिप, आणि डिस्क एकही नाही. वीज आल्यावर प्रथम बूट नोड जागा होतो, मग सेवेचे नोड, आणि त्यांचा बंदोबस्त झाल्यावर दोन हजारांहून अधिक गणन-नोडांना जाळ्यावरून ऑपरेटिंग सिस्टिम पोचते. बदल एका ठिकाणी करावा आणि तो सर्वांना सारखाच लागू व्हावा, शिवाय बिघडण्यासारखी हजारो डिस्कांची तैनातीच नसावी, ही तजवीज मला अतिशय राजस वाटते.

साध्या सर्व्हरांत हेच काम पीएक्सई करते. नेटवर्क कार्डाच्या रॉममधील चिमुकला प्रोग्रॅम जाळ्यावर दरखास्त करतो, डीएचसीपी त्याला पत्ता आणि फाइलचे नाव देते, आणि फाइल आणण्याची कामगिरी टीएफटीपीकडे जाते. हा टीएफटीपी जुन्या मामलेदार कचेरीतल्या कारकुनासारखा: ५१२ बाइटांचा एक तुकडा देणार, त्याची पोच हाती येईपर्यंत दुसऱ्याला हात लावणार नाही. तुकड्यांचा क्रमांक सोळा बिटांचा, म्हणून मूळ नियमाने ३२ मेगाबाइटांपाशी त्याची मोजणीच संपते. पुढे तुकडा मोठा करण्याची सवलत निघाली. तरीही जाणते प्रशासक त्याच्याकडून फक्त आयपीएक्सई हा छोटा बूट-प्रोग्रॅम मागवितात आणि जड फाइली एचटीटीपीने उचलतात.

खरी पंचाईत यानंतरची. वीज जाऊन परत आली की शेकडो यंत्रे एकाच वेळी एकाच सर्व्हरच्या दारात उभी राहतात, म्हणून त्यांना टप्प्याटप्प्याने उठवावे लागते. सिस्टिम मेमरीत ठेवावी तर गणिताच्या वाट्याची जागा जाते. ती वाचविण्यासाठी आयएससीएसआयने दूरची डिस्क आपलीच म्हणून जोडावी, तर जाळे क्षणभर अडखळताच लेखन खोळंबते. स्वॅपही तिकडेच असला तर पेच विलक्षण: मेमरी मोकळी करण्यासाठी पाने जाळ्यावरून धाडायची आणि ती धाडणाऱ्या पॅकेटांनाही मेमरीच हवी! नोड कोसळला तर त्याची अखेरची जबानीही जाळ्यावरूनच बाहेर पाठवावी लागते, आणि दोष जाळ्याच्या ड्रायव्हरमध्येच असेल तर ती मुक्कामी पोचत नाही. अशा वेळेसाठी प्रशासक सीरियल कन्सोलची स्वतंत्र तार आधीच ओढून ठेवतात; जाळे मुके झाले तरी कर्नलच्या शेवटच्या ओळी तिच्यावर उमटतात.